नाक्यावरची पदवी

गेल्या मे महिन्यात सावर्ड्याजवळ, हायवेवरून आमच्या वाडीकडे वळायच्या फाट्यावर एक फ्लेक्स लागला. वर मंडळाचं नाव, खाली चार फोटो. तीन फोटो दहावी-बारावी पास झालेल्या पोरांचे. त्यांतली एक माझी मुलगी. चौथा फोटो माझा, आणि तो लेकीच्या फोटोपेक्षा मोठा. त्याखाली लिहिलं होतं, 'वाडीच्या सूनबाई एम.टेक. झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!'

मी एम.टेक. झालेली नव्हते. होणार की नाही हेसुद्धा ठरलेलं नव्हतं. पण फोटोत मी छान हसत होते, कारण तो दिराच्या लग्नातला होता आणि तेव्हा नुकतंच जेवण झालं होतं.

हे सगळं सुरू झालं आमच्या विभागप्रमुखांच्या निवृत्तीपासून. मी रत्नागिरीत एका खाजगी तंत्रनिकेतनात मेकॅनिकलच्या मुलांना शिकवते. बी.ई.चा निकाल लागला त्याच महिन्यात लागले, ती आजतागायत तिथेच. वीसेक वर्षं झाली. रोज सकाळी भाट्याच्या पुलावरून स्कूटर घालायची, खाडीचा वास नाकात घेत कॉलेजात शिरायचं आणि पोरांना मशीन कसं चालतं ते सांगायचं. ह्यापलीकडे मी कधी फार मागितलं नाही. पण विभागप्रमुख जाणार म्हटल्यावर साहजिकच सगळ्यांची नजर माझ्याकडे वळली, आणि खरं सांगायचं तर माझीही माझ्याकडेच वळली. अडचण एवढीच होती की त्या खुर्चीला पदव्युत्तर पदवी लागते. मी नुसती बी.ई.

प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, "मॅडम, कुठेतरी एम.टेक.ला नाव घाला. ॲडमिशन झालं एवढं दाखवता आलं तरी मॅनेजमेंटकडे मी तुमचा प्रभारी म्हणून प्रस्ताव ठेवतो."

मग मी शोधाशोध केली. हायवेवरून अडीच तासांवरच्या एका कॉलेजात नोकरी करणाऱ्यांसाठी वर्ग होते, शनिवार-रविवार, तीन वर्षं. मुलाखतीला गेले. माझ्यापेक्षा लहान असलेल्या दोन सरांनी मला प्रश्न विचारले, मी निम्म्यांची उत्तरं दिली आणि यादीत माझं नाव लागलं. जूनमध्ये कळवायचं होतं, येते की नाही.

नवऱ्याला विचारलं. तो बँकेत असतो, त्यामुळे कशालाही पटकन हो म्हणत नाही. म्हणाला, "नारळ घेताना आपण हलवून बघतो. आत पाणी वाजलं तर घेतो. डिग्री हलवून बघायची सोय नाही, हीच पंचाईत आहे." एवढं बोलून तो परत पेपरात शिरला. मुलगी म्हणाली, "आई, तू शनिवारी नसशील तर मला चालेल." हे तिने इतक्या लगेच सांगितलं की मला जरा लागलंच.

शेवटी मी विचारलं आमच्याच विभागातल्या एका सरांना. हा माझा जुना विद्यार्थी. डिप्लोमा माझ्या हाताखाली केलान, पुढे शिकत शिकत चांगल्या ठिकाणी एम.टेक. झाला, पुण्यात नोकरी केलीन आणि घरची आंब्याची कलमं बघायला कुणी नाही म्हणून परत आला. अजूनही मी स्टाफरूममध्ये शिरले की उठून उभा राहतो. मी खुर्चीवर बसले नाही तर ती खुर्ची ह्यालाच मिळणार, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

"खरं सांग, उपयोग झाला का तुला एम.टेक.चा?" मी विचारलं.

त्याने चहाचा कप खाली ठेवला. "मॅडम, नुसत्या प्रमोशनसाठी असेल तर नका करू. शनिवार-रविवार फार मोठे असतात."

मला रागच आला. म्हटलं बघा, खुर्चीवर डोळा! काल-परवापर्यंत ह्याला मोजायचा व्हर्नियर धरता येत नव्हता, आणि आज मला शहाणपण शिकवतोय. त्या दिवशी मी त्याच्याशी दिवसभर फक्त कामापुरतं बोलले. तो मात्र संध्याकाळी नेहमीसारखा "येतो, मॅडम" म्हणून गेला.

असं सगळं तळ्यात-मळ्यात चाललं असताना ही गोष्ट आबांच्या कानावर गेली. आबा म्हणजे माझे सासरे. ते गावाला असतात. सगळा जन्म प्राथमिक शाळेत शिकवण्यात गेला, आणि पदव्यांचं त्यांना भारी कौतुक. घरात कुणाचंही लग्न निघालं की पत्रिकेचा मजकूर आबा लिहितात, आणि त्यात नावापेक्षा शिक्षण लांब असतं. माझ्या लग्नाच्या पत्रिकेत त्यांनी माझ्या नावापुढे कंस करून 'मेकॅनिकल' असं लिहिलं होतं, उगीच कुणाला मी सिव्हिल वाटायला नको म्हणून. नवऱ्याने फोनवर सहज सांगितलं की हिचं एम.टेक.ला नाव लागलंय. आबांनी पुढचं ऐकलंच नाही. त्यांनी ते वाडीच्या ग्रुपवर टाकलं.

आमची निम्मी वाडी मुंबईला असते. मे महिन्यात सगळे गावी येतात, सहाणेवर, म्हणजे शिमग्यात जिथे पालखी बसते त्या चौथऱ्यावर, सत्यनारायण घालतात आणि त्याच संध्याकाळी मुलांचा गुणगौरव करतात. त्याचा फ्लेक्स विरारला राहणारा एक मुलगा करून आणतो. त्याला निरोप मिळाला, 'एम.टेक.साठी निवड झाल्याबद्दल'. हे सगळं माझ्या फोटोखाली ओळीत बसेना. मग त्याने 'साठी निवड' गाळलं. एवढंच झालं.

मला हे कळलं ते प्राचार्यांच्या फोनवरून. ते चिपळूणला लग्नाला निघाले होते, आमचा फाटा वाटेतच.

"मॅडम, अभिनंदन," ते म्हणाले. "सांगितलं नाहीत कधी केलंत ते?"

मी तातडीने आबांना फोन लावला. म्हटलं, आबा, फ्लेक्स उतरवा, लोक हसतील. आबा शांतपणे म्हणाले, "कोण हसतंय? अगो, होणारच आहेस ना? मग चार दिवस मागे-पुढे. आणि आता उतरवला तर लोक विचारतील, नापास झाली काय म्हणून."

मग फ्लेक्स तसाच राहिला. मुलगी वेगळ्याच कारणाने फुरंगटली होती. "माझ्या दहावीच्या फ्लेक्सवर तुझा फोटो कशाला?" तिचंही बरोबर होतं.

सत्काराच्या दिवशी आम्ही तिघं वाडीवर गेलो. ठरवून गेले होते की माईक हातात आला की सांगून टाकायचं. मी झालेली नाही, आणि बहुतेक होणारही नाही, कारण मधल्या काळात मी मनाशी ठरवत आणलं होतं की ह्या वयात हे झेंगट नको. खुर्ची गेली तर गेली. पण गेली तर वाईट वाटणार होतं, हेही खरं. त्या पोराच्या सहीने रजा मागायची, हे काही केल्या पचत नव्हतं.

पूजा आटपली. मग वाडीतले जाणते म्हातारे नारळ घेऊन उभे राहिले आणि त्यांनी गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे कुठलंही कार्य देवाच्या कानावर घातल्याशिवाय पुढे जात नाही. सगळे हात जोडून उभे.

"बा देवा म्हाराजा," म्हातारे म्हणाले, "आज तुजी लेकरा हितं जमली हायत. पोरा पास झाली, तेंना पुडची वाट दाखव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"वाडीची सूनबाय येमटेक झाली हाय. तिला कालेजात मोटी खुर्ची मिळू दे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

मी नवऱ्याकडे बघितलं. तोसुद्धा 'व्हय म्हाराजा' म्हणून गेला होता.

"आनि ह्यात काय चुकला-माकला आसंल तर लेकरांना पदरात घे रे म्हाराजा."

ह्या वेळचं 'व्हय म्हाराजा' सगळ्यांत मोठ्याने मी म्हटलं. आता प्रकरण फ्लेक्सपुरतं राहिलं नव्हतं, थेट वरपर्यंत गेलं होतं.

मग सत्कार. सगळ्यांना सारखंच द्यायचं असा मंडळाचा नियम आहे, त्यामुळे मलाही मिळालं एक दप्तर, गुलाबपुष्प आणि कंपासपेटी. ज्या बाईने वीस वर्षं पोरांना 'कंपासपेटी विसरलास तर वर्गाबाहेर' म्हणून दम दिला, तिला वाडीने कंपासपेटी दिली. माझ्या आधी माझी मुलगी घेऊन गेली, माझ्यामागे बारावीचा एक मुलगा उभा होता. फोटो काढताना त्याने मला हळूच विचारलं, "काकी, तुमी कुठल्या बोर्डाच्या?"

आणि माईक हातात आला. समोर चटयांवर सगळी वाडी. पुढे आबा, इस्त्रीचा शर्ट घालून. मी सुरुवात केली, "एक खुलासा करायचा आहे. मी एम.टेक. झालेली नाही. नुसतं नाव लागलंय. जायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही."

कुणी हसलं नाही. आमच्या वाडीत ठरलेलं नाही म्हटलं की बैठक सुरू होते. सहाणेवर निघालेला विषय ठरवल्याशिवाय उठायचं नाही, मग तो रस्ता असो, पाणी असो नाहीतर माझं करिअर. एकजण म्हणाला, आता शिकून काय व्हनार हाय, निम्मी नोकरी संपली. त्याची बायको म्हणाली, तुमचं काय संपलंय ते बोला, तिचं बोलू नका. मुंबईच्या एका भावजींनी सांगितलं की त्यांच्या सोसायटीत एम.टेक. झालेला मुलगा कपड्यांचं दुकान चालवतो आणि उत्तम चालवतो. हे बाजूने होतं की विरुद्ध, ते कुणालाच कळलं नाही. मंडळाचे खजिनदार म्हणाले की फ्लेक्स लागलाय, गाऱ्हाणं झालंय, आता माघार बरी दिसणार नाही.

तेवढ्यात मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलं, "पन सूनबाई, त्यात शिकवतात काय?"

"मशीन डिझाइन," मी म्हटलं. "त्यात व्हायब्रेशन म्हणून एक विषय आहे. मशीन थरथरतं का आणि ती थरथर कशी थांबवायची."

आणि मी बोलत सुटले. म्हटलं, पाळण्याला झोका देताना आपण कधीही धक्का देतो का? पाळणा परत आला की देतो. बरोबर वेळेला दिला तर नुसत्या बोटानेसुद्धा पाळणा आभाळाला जातो. तसंच प्रत्येक मशीनला, त्याखालच्या काँक्रीटच्या पायाला, भिंतीला आपली एक लय असते. मोटारीचा धक्का त्या लयीत बसला की बारीकशी थरथर वाढत जाते आणि चांगला जाड पायासुद्धा तडकतो. होडीचं इंजिन ठरावीक वेगाला खडखडतं आणि वेग वाढवला की गप्प होतं, ते ह्याच्यामुळेच. मी हातवारे करत होते. एकदा माईक बाजूला ठेवून दोन्ही हातांनी मोटारही करून दाखवली. पुढची बारकी पोरं झोपली, पूजेचा प्रसाद कधीच संपला, आबा दोनदा खाकरले, आणि मला कशाचाच पत्ता नव्हता.

"मंग वड्यावरच्या आपल्या पान्याच्या पंपाचा तसाच झालाय," मागून कुणीतरी म्हणालं. "पाया दोनदा बांदला, दोनदा तडकला. तेच्यावर काय करायचा?"

मी तोंड उघडलं आणि थांबले. उत्तर अर्धंच येत होतं. का तडकतो हे मी पाच ओळींत सांगू शकत होते, फळ्यावर वीस वर्षं तेच सांगत होते. पाया किती जड घ्यायचा, खाली काय घालायचं, मोजायचं कसं, ह्यातलं मला काही धड येत नव्हतं.

"ते मला येत नाही," मी माईकवर म्हटलं. "तेच शिकायचंय मला."

टाळ्या पडल्या. का पडल्या ते मला तेव्हा समजलं नाही. वाडीला वाटलं ठरलं, आणि बैठक उठली.

परतताना गाडीत मुलगी मागे दोन दप्तरं घेऊन झोपली होती. हातखंब्याचा फाटा आला. नवरा म्हणाला, "महिनाभर घरात खुर्ची, खुर्ची, खुर्ची चाललं होतं तुझं. आज एवढं बोललीस, खुर्चीचं नावसुद्धा काढलं नाहीस."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. एवढं साधं मला एकटीला कळायला नको होतं? पण नव्हतं कळलं. डोळ्यांत पाणी आलं. आनंदाने आलं होतं, तरी चष्मा पुसायला लागलाच.

सोमवारी मी प्राचार्यांकडे गेले आणि सांगितलं, ॲडमिशन घेतेय.

"उत्तम," ते म्हणाले. "मग प्रभारीचं मी पुढे पाठवतो. फक्त एक आहे, मॅडम. विभागप्रमुखाला शनिवारी सुट्टी नसते. तपासण्या, मीटिंगा, फायली, सगळं शनिवारीच. तुम्ही नाव तेवढं लावून ठेवा. जाण्याचं काय, ते बघता येईल. शेवटी आपल्याला कागदच हवा आहे."

माणूस वाईट नाही. त्यांनी माझ्या भल्याचंच सांगितलं होतं, आणि महिन्यापूर्वी मी लगेच हो म्हटलं असतं. पण मला फाट्यावरचा फ्लेक्स आठवला. न शिकता मिळणारी पदवी तर मला वाडीने आधीच देऊन टाकली होती, फोटोसकट. देवालाही ती मान्य होती. राहिलं होतं फक्त शिकणं.

"सर, मी दर शनिवारी जाणार आहे," मी म्हटलं. "खुर्ची त्या आमच्या सरांना द्या. तो चांगला मुलगा आहे."

हे वाक्य बोलायला जड गेलं. वाईट वाटलंच. नाही वाटलं म्हणणं खोटं होईल.

सगळ्यांत अवघड काम होतं आबांना सांगणं. मी फोनवर म्हटलं, आबा, शिकायला जातेय, पण मोठी खुर्ची मिळणार नाही.

"देवाला खुर्चीचं सांगितलंय गो," ते म्हणाले. "गाऱ्हाण्यात गेलेलं असं सोडून देता येत नाही."

दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला. आवाज एकदम खुशीत. म्हणाले, त्या जाणत्यांना घेऊन देवळात गेलो होतो. नारळ ठेवला आणि दुरुस्ती करून आलो. "सांगितलं देवाला, झाली नाही, व्हायची आहे. खुर्चीचं राहू दे, तिचं शिकणं तेवढं पुरं कर." जन्मभर पोरांच्या वह्या तपासलेला माणूस, त्याने गाऱ्हाण्याचंही शुद्धलेखन करून टाकलं. मी फोन ठेवला आणि भाजी करपेपर्यंत तिथेच उभी राहिले.

जूनमध्ये नवे विभागप्रमुख बसले. मी पेढा घेऊन गेले तर हा खुर्चीवरून उठून उभा. म्हटलं, आता बस रे, नाहीतर ती खुर्ची मला मिळाली असं वाटायचं. दुपारी नोटीस बोर्डावर नवं वेळापत्रक लागलं. त्यात माझ्या नावासमोर शनिवार कोरा होता. मी त्याच्याकडे तो मागितला नव्हता.

"शनिवार-रविवार फार मोठे असतात, मॅडम," तो मान खाली घालून म्हणाला. आता त्याचा मला अजिबात राग आला नाही.

पहिल्या शनिवारी अंधार असतानाच बस पकडली. सावर्डं जवळ आलं तशी काच पुसून बाहेर बघितलं. फ्लेक्स अजून होता, पण माझ्या फोटोखाली कुणीतरी पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवून वर प्लास्टिक मारलं होतं. 'एम.टेक. झाल्याबद्दल'मधलं 'झाल्याबद्दल' झाकून त्यावर शाळेतल्या फळ्यावर असतं तसलं वळणदार अक्षर होतं, 'शिकायला निघाल्याबद्दल'. बस थांबली नाही. मला ते तेवढ्यात वाचता आलं.

कॉलेजच्या दारात शिपाई म्हणाला, "पालकांना खाली बसायची सोय आहे, ताई." मी त्याला दप्तर दाखवलं. वाडीचंच आणलं होतं, आत लेकीची कंपासपेटी, कारण माझी ती आधीच घेऊन गेली होती. वर्गात मागून दुसऱ्या बाकावर जागा मिळाली. बाक अरुंद होता आणि पुढ्यात कुणीतरी करकटकाने बाण काढून ठेवला होता.

मग सर आले, बारीक, चष्म्याचे, माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचे, आणि त्यांनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. वीस वर्षं मी हजेरी घेत आलेय. नाव पुकारल्यावर दोन क्षण उशीर झाला तर 'झोपलास काय रे' म्हणत आलेय. आता एकेक नाव माझ्या दिशेने सरकत होतं. माझं नाव आलं. सवयीने मीच उत्तराची वाट बघत राहिले. सरांनी मान वर करून परत नाव घेतलं.

"हजर," मी म्हटलं. ते जरा जास्तच मोठ्याने आलं, आणि पुढच्या बाकावरची दोन मुलं वळून बघायला लागली. बघू देत.